यादी लावली आणि नावं पळाली!

मित्रांनो, आज आधी माझ्या फजितीचा एक किस्सा सांगतो.

एका वक्तृत्व स्पर्धेत ४१ मुलांनी भाग घेतला होता. गुणांचा हिशेब संगणकावर करायचं काम माझ्याकडे आलं. लिस्प नावाच्या संगणकभाषेत मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. काम सोपंच होतं. नावं गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावायची, पहिल्या तिघांची नावं छापायची आणि मग यादीतल्या प्रत्येकासाठी भाग घेतल्याचं एकेक प्रमाणपत्र छापायचं.

पहिले तीन नंबर अगदी बिनचूक आले. मी खूश! प्रमाणपत्रं मात्र छापून आली फक्त ९. त्यातून आणखी गंमत अशी, की जिचा पहिला नंबर आला होता, तिच्याच नावाचं प्रमाणपत्र त्यात नव्हतं. म्हणजे ती स्पर्धा जिंकली खरी, पण तिने स्पर्धेत भागच घेतला नव्हता!

संगणकाने कसलीही तक्रार केली नव्हती. पडद्यावर ‘चूक’ असा शब्दसुद्धा नाही. मग ३२ मुलं गेली कुठे? मी तर कुणाचंच नाव खोडलं नव्हतं. फक्त ‘क्रमाने लाव’ एवढंच सांगितलं होतं.

हे कोडं सोडवायला संगणक लागत नाही, बरं का! कागदाच्या तीन चिठ्ठ्या आणि एक पेन्सिल घ्या. पेन्सिलच घ्या, कारण थोडी खाडाखोड करायची आहे. प्रत्येक चिठ्ठीच्या मधोमध उभी रेघ मारा. झाले दोन खण. डाव्या खणात एक आकडा लिहायचा आणि उजव्या खणात पुढची चिठ्ठी कुठे आहे त्याचा पत्ता. खजिना शोधायच्या खेळात असतात ना, तशाच या चिठ्ठ्या.

पहिली चिठ्ठी टेबलावर ठेवा. तिच्या डाव्या खणात ३ आणि उजव्या खणात ‘खिडकी’. दुसरी खिडकीत ठेवा. तिच्यावर १ आणि ‘कपाट’. तिसरी कपाटावर. तिच्यावर २ आणि ‘संपलं’. आता वहीच्या एका पानावर लिहा, ‘यादी : टेबल’. म्हणजे यादी वाचायची तर सुरुवात टेबलापासून. टेबलावर ३, तिथून खिडकीत १, तिथून कपाटावर २, संपलं. यादी झाली ३, १, २.

लिस्पमध्ये यादी अगदी अशीच ठेवलेली असते. एकेका चिठ्ठीला तिथे ‘कॉन्स’ म्हणतात. डाव्या खणाला ‘कार’ (मोटारीशी काही संबंध नाही!) आणि उजव्या खणाला ‘कुडर’. शेवटच्या ‘संपलं’ला तिथला शब्द आहे ‘निल’. यादीतली सगळी नावं एका कागदावर ओळीने लिहिलेली आहेत असं आपल्याला वाटतं, पण ती असतात विखुरलेली. आणि वहीच्या पानावर जे ‘यादी’ असं नाव लिहिलंय ना, त्याच्याकडे सगळी यादी नाहीच! त्याला फक्त पहिल्या चिठ्ठीचा पत्ता ठाऊक आहे.

आता या चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावा, पण एक अट आहे. नवीन चिठ्ठी घ्यायची नाही, ठेवलेली चिठ्ठी हलवायची नाही. फक्त उजव्या खणातले पत्ते बदलायचे. जमेल? सगळ्यात लहान १, तो खिडकीत. त्याच्यानंतर २ हवा, तो कपाटावर. खिडकीतल्या चिठ्ठीवर ‘कपाट’ आधीच लिहिलंय, ते तसंच राहू द्या. २ नंतर ३ हवा, म्हणून कपाटावरच्या चिठ्ठीतलं ‘संपलं’ खोडून ‘टेबल’ लिहा. ३ आता शेवटचा, म्हणून टेबलावरच्या चिठ्ठीतलं ‘खिडकी’ खोडून ‘संपलं’ लिहा. झालं काम! खिडकीपासून वाचत निघालात तर १, २, ३. दोनच जागी खाडाखोड आणि यादी क्रमाने लागली.

पण वहीच्या त्या पानाकडे पाहिलंत का? तिथे अजून ‘यादी : टेबल’ असंच लिहिलेलं आहे. त्या पत्त्यावर जा. टेबलावर ३ आणि पुढे ‘संपलं’. तुमची यादी म्हणते, माझ्यात एकच आकडा आहे!

लिस्पमध्ये हेच असं दिसतं. (संगणकाला हे रोमन अक्षरांत द्यावं लागतं. इथे तुमच्यासाठी देवनागरीत लिहिलंय.)

(सेटक्यू यादी (लिस्ट ३ १ २))
(सॉर्ट यादी ...)
उत्तर : (१ २ ३)
यादी
उत्तर : (३)

जिथे तीन टिंबं दिली आहेत, तिथे ‘लहान आधी, मोठा नंतर’ हे सांगायचं असतं. दुसऱ्या ओळीचं उत्तर पाहून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. ‘सॉर्ट’ने क्रमाने लागलेल्या यादीचा नवा पत्ता आपल्या हातात दिला होता. आपण तो कुठे लिहूनच ठेवला नाही, आणि जुन्या पत्त्यावर जाऊन ‘माझी यादी कुठे गेली’ म्हणून शोधत बसलो.

आता माझ्या स्पर्धेकडे या. पहिल्या तीन नंबरांसाठी मी ‘सॉर्ट’ने दिलेली यादी वापरली होती, म्हणून ते बरोबर आले. प्रमाणपत्रांसाठी मात्र जुनंच नाव वापरलं. त्या नावाला ठाऊक होती ती मुलगी, जिने सगळ्यात आधी नाव नोंदवलं होतं. गुणांप्रमाणे तिचा नंबर होता तेहेतिसावा. मग तेहेतिसाव्या नंबरापासून शेवटपर्यंत नावं किती? ४१ वजा ३२, म्हणजे ९! कोडं सुटलं. तिने सगळ्यात आधी नाव नोंदवलं नसतं आणि पहिलं नाव विजेतीचंच असतं, तर एकूण एक प्रमाणपत्रं बरोबर छापली गेली असती आणि माझी चूक मला कधी कळलीही नसती. या विचाराने मला अजून कसंतरी होतं.

जे फंक्शन जुन्या चिठ्ठ्यांवरच खाडाखोड करतं, त्याला लिस्पवाले ‘डिस्ट्रक्टिव्ह’ म्हणजे ‘विध्वंसक’ म्हणतात. नाव भयंकर आहे, पण ते मुद्दाम तोडफोड करत नाही. आपल्याला न विचारता जुना कागद वापरतं, इतकंच. उलट ‘रिव्हर्स’ हे फंक्शन घ्या. ते यादी उलटी करतं, पण कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन. जुनी यादी जशीच्या तशी राहते. त्याचाच भाऊ ‘एनरिव्हर्स’. तोही यादी उलटी करतो, पण जुन्याच चिठ्ठ्यांवर खाडाखोड करून. नावात एका ‘एन’चा फरक! ‘नवीन कॉन्स न करणारा’ असा त्या ‘एन’चा अर्थ सांगतात. ‘सॉर्ट’च्या नावात मात्र असा काहीच इशारा नाही. माझ्या मते ही त्या भाषेची खोडी आहे, आणि नवशिके सगळ्यात जास्त तिथेच आपटतात.

तुम्ही म्हणाल, मग असली फंक्शनं ठेवलीच कशाला? नेहमी कोऱ्या चिठ्ठ्याच का घेऊ नयेत?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. लिस्पचा जन्म १९५८ सालचा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी नावाचे गणिती होते. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयाला इंग्रजीत जे नाव आहे, तेही त्यांनीच दिलेलं. संगणकाने नुसती आकडेमोड न करता शब्दांच्या आणि कल्पनांच्या याद्या हाताळाव्यात, म्हणून त्यांनी ही भाषा रचली. त्यांच्यापुढचा संगणक होता आयबीएम ७०४. भलंमोठं दालन व्यापणारा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. त्याच्या स्मृतीत जास्तीत जास्त जागा किती? ३२,७६८. प्रत्येक जागेत ३६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे ३६ आकडे. त्यातले १५ एका पत्त्याला आणि १५ दुसऱ्या पत्त्याला दिले, की एका जागेत एक चिठ्ठी बसली. (१५ का? २ ला २ ने गुणत गुणत १५ वेळा २ घ्या. उत्तर काय येतं पाहा!) या दोन भागांच्या त्या यंत्रावरच्या इंग्रजी नावांवरूनच ‘कार’ आणि ‘कुडर’ ही विचित्र नावं पडली. ते यंत्र कधीच मोडीत निघालं, नावं मात्र राहिली.

ही सगळी स्मृती मिळून आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका फोटोइतकीसुद्धा नव्हती. तिच्यात प्रोग्रॅमही मावायचा आणि याद्याही. अशा वेळी प्रत्येक कोरी चिठ्ठी म्हणजे सोनंच. जुनी यादी पुन्हा लागणारच नसेल, तर तिच्याच चिठ्ठ्या वापरलेल्या काय वाईट?

चिठ्ठ्या संपल्या की काय व्हायचं, त्याचाही एक किस्सा आहे. ज्या चिठ्ठ्यांपर्यंत पोचायचा कुठलाच पत्ता उरलेला नाही, त्या गोळा करून पुन्हा वापरायला देणारी एक युक्ती मॅकार्थींनी शोधली होती. तिला नाव दिलं ‘गार्बेज कलेक्टर’, म्हणजे चक्क कचरा गोळा करणारा! लिस्पच्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं होतं. सभागृहात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर यंत्राचं टंकलेखन दिसत होतं. सगळं ठीक चाललं होतं, आणि ऐन प्रात्यक्षिकात कोऱ्या चिठ्ठ्या संपल्या. झालं! यंत्राने सेकंदाला दहा अक्षरं या संथ गतीने जाहीर करायला सुरुवात केली, की कचरा गोळा करणाऱ्याला बोलावलं आहे आणि त्याने काय काय गोळा केलं त्याची मनोरंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे... पाहुण्यांना या कचरेवाल्याबद्दल कुणी काहीच सांगितलं नव्हतं. सभागृहात हसून हसून मुरकुंडी वळली, आणि उरलेला सगळा वेळ त्या आकडेवारीतच जाणार हे दिसू लागलं. हा किस्सा मॅकार्थींनीच पुढे लिहून ठेवला आहे. त्यांना १९७१ साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २०११ साली ते वारले.

तर विध्वंसक फंक्शनं आली ती काटकसरीतून. पण काटकसर करताना काय गडबड होऊ शकते, याचे आणखी नमुने पाहा.

‘डिलीट’ हे तर मला सगळ्यात लबाड वाटतं. यादीतलं एखादं नाव काढून टाकायचं त्याचं काम. नाव मधलं असेल तर सोपं आहे. त्याच्या आधीच्या चिठ्ठीतला पत्ता बदलायचा आणि त्या नावाला वळसा घालून पुढे जायचं. यात पहिल्या चिठ्ठीचा पत्ता बदलत नाही, म्हणून जुनं नाव वापरलं तरी उत्तर बरोबर दिसतं. तुम्ही चौथं नाव काढून पाहता, बरोबर. दहावं काढून पाहता, तेही बरोबर. ‘छान चालतंय’ म्हणून तुम्ही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती देता. आणि एक दिवस कुणीतरी पहिलंच नाव काढायला सांगतं. पहिल्याच्या आधी चिठ्ठीच नाही, मग पत्ता बदलणार कुठे? ‘डिलीट’ सरळ दुसऱ्या चिठ्ठीचा पत्ता तुमच्या हातात ठेवतं. तुमचं जुनं नाव मात्र पहिल्याच चिठ्ठीला धरून बसलेलं, आणि काढून टाकलेलं नाव यादीत शाबूत! चुकीचा प्रोग्रॅम नेहमी चुकला असता, तर किती बरं झालं असतं! हा बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो.

दुसरा नमुना खेळाच्या मैदानावरचा घ्या. कबड्डीचा संघ १, २, ३ या नंबरांचा आणि खो-खोचा ४, ५, ६. (संघ इतके लहान नसतात हे मला माहीत आहे. चिठ्ठ्या कमी लागाव्यात म्हणून तीन!) राखीव खेळाडू दोन्हीकडे तेच, नंबर १२, १०, ११ या क्रमाने. लिस्पमध्ये ‘अपेंड’ या फंक्शनने संघाला राखीव यादी जोडली, तर ते पहिल्या यादीची नक्कल करतं, पण मागच्या यादीची करत नाही. नुसता तिचा पत्ता जोडून देतं. म्हणजे कबड्डीच्या ३ नंबरची चिठ्ठी आणि खो-खोच्या ६ नंबरची चिठ्ठी, दोन्हींवर एकच पत्ता, १२ नंबरचा. दोन नद्यांचा संगम व्हावा तसं.

मग कुणीतरी फक्त राखीव यादी क्रमाने लावली. १०, ११, १२. त्याने नवा पत्ताही नीट लिहून ठेवला. त्याची काहीच चूक नाही! पण आता कबड्डीची यादी वाचा. १, २, ३, १२, संपलं. खो-खोची वाचा. ४, ५, ६, १२, संपलं. दहा आणि अकरा नंबरचे खेळाडू दोन्ही संघांतून गायब, आणि त्या दोन याद्यांना तर कुणी हातही लावला नव्हता. चिठ्ठ्या मांडून हे करून पाहा, वाचून पटणार नाही. मोठ्या प्रोग्रॅममध्ये या दोन ओळींच्या मध्ये हजारो ओळी असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या असतात. तिथे चूक एका खोलीत होते आणि आरडाओरडा दुसऱ्याच खोलीतून ऐकू येतो.

तिसरा प्रकार तर आणखी चक्रावणारा. प्रोग्रॅममध्येच एखादी यादी छापील मजकुरासारखी लिहून ठेवलेली असते, (अ ब) अशी. तिला कुणी ‘एनकॉन्क’ या विध्वंसक फंक्शनने शेवटी ‘क’ जोडला, तर कित्येकदा पहिल्या वेळी (अ ब क) मिळतं, दुसऱ्या वेळी (अ ब क क), तिसऱ्या वेळी (अ ब क क क)! कारण खाडाखोड वहीत न होता पाठ्यपुस्तकातच झाली. लिस्पचे नियम यावर एवढंच म्हणतात, की असं करू नका, केलंत तर काय होईल ते आम्ही सांगणार नाही. आणि एखाद्या यादीच्या शेवटी तीच यादी जोडली तर? शेवटच्या चिठ्ठीवर पहिलीचा पत्ता! छापायला सांगितलं तर संगणक रिंगणात धावतच राहतो.

बरं, यावर उपाय काय? एक, ‘सॉर्ट’ने दिलेला नवा पत्ता जुन्याच नावापुढे लिहून टाकायचा.

(सेटक्यू यादी (सॉर्ट यादी ...))

पण संगमाची भानगड असेल तर हा उपाय पुरत नाही, ते आपण पाहिलंच. तिथे ‘कॉपी-लिस्ट’ने आधी नक्कल काढायची आणि नकलेवर खाडाखोड करायची. चिठ्ठ्या थोड्या जास्त लागतात, पण आता काही ३२,७६८ जागांचं बंधन नाही. मी हल्ली नक्कलच काढतो. एक मात्र ध्यानात असू द्या. ‘सॉर्ट’नंतर जुन्या नावात नेमकं काय उरेल, याचा लिस्पच्या नियमांत काहीच शब्द दिलेला नाही. तुमच्या संगणकावर (३) आलं, तर मित्राच्या संगणकावर आणखी काही येऊ शकेल.

या खोडीवर पुढच्या लोकांनी निरनिराळे तोडगे काढले. लिस्पच्या कुळातली ‘स्कीम’ ही भाषा १९७५ सालची. तिच्यात खाडाखोड करणाऱ्या फंक्शनच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावायची पद्धत आहे, जणू रस्त्यावरची ‘सावकाश!’ अशी पाटीच. २००७ साली आलेल्या ‘क्लोजर’ने तर यादीवर खाडाखोड करायलाच बंदी घातली.

आणि तुमच्यापैकी जे शाळेत पायथन शिकतात, त्यांना यातला एक उलटा फटका ठाऊक असायला हवा. पायथनमधलं ‘सॉर्ट’सुद्धा मूळ यादीतच फेरफार करतं. पण तिथल्या यादीत विखुरलेल्या चिठ्ठ्यांची साखळी नसते, ओळीने लावलेले खण असतात. त्यामुळे जुन्या नावात क्रमाने लागलेली पूर्ण यादी मिळते. आणि ‘सॉर्ट’ परत काय देतं? ‘नन’, म्हणजे काहीच नाही! तेव्हा लिस्पची सवय लागलेल्या माणसाने तिथे ‘परत आलेलं उत्तर जुन्याच नावात ठेव’ असं लिहिलं, की त्या नावातून यादीच गेली. मूळ यादी तशीच राहून क्रमाने लागलेली नवी हवी असेल, तर पायथनमध्ये ‘सॉर्टेड’ नावाचं वेगळं फंक्शन आहे. पालकांनो, मुलगा किंवा मुलगी ‘माझी यादी गेली!’ म्हणून ओरडली, तर ‘सॉर्ट लिहिलंस की सॉर्टेड?’ एवढं विचारून पाहा. तुमचा भाव एकदम वधारेल!

माझ्या स्पर्धेतल्या त्या ३२ मुलांना प्रमाणपत्रं मिळाली, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या नंबरच्या मुलीने ते हातात घेताना विचारलं, “काका, काल मी कुठे गेले होते?” तिला मी चिठ्ठ्या मांडूनच दाखवलं. तिने लगेच मला एक उलटा प्रश्न टाकला, तोच आता तुम्हाला देतो. पाच चिठ्ठ्या, ५, २, ८, १, ९ या क्रमाने. ‘यादी’ या नावाला ५ च्या चिठ्ठीचा पत्ता माहीत आहे. पत्ते बदलून चढता क्रम लावा. आता ‘यादी’त किती आकडे उरले? आणि उतरता क्रम लावला असता, तर किती उरले असते?